७५ पर्सेंटाइल म्हणजे ७५ मार्क नव्हेत : नर्सिंगच्या शिक्षणावरचा एक पेपर वाचताना



आजचा पेपर निवडायला कारण झाली एक वही. दिवाळीत येडशीला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण एएनएम झालेली आहे, सध्या एका उपकेंद्रावर कंत्राटी नोकरी करते. कपाट आवरताना तिचं केसबुक सापडलं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रत्येक केसची नोंद यात करावी लागते. बाईचं वय, कितवं बाळंतपण, प्रसूतीची वेळ, बाळाचं वजन आणि खाली सही. मी आपला पानं मोजत बसलो. ती म्हणाली, "दादा, पानं काय मोजायलास? यातल्या मी स्वतः केलेल्या किती, ते विचार की."

मी विचारलं.

"तीन. बाकीच्या टायमाला मी मागं उभी होते. एका डिलिव्हरीला आम्ही सहा पोरी. सहाही जणींच्या वहीत तीच बाई, तेच बाळ, तेच वजन."

कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. ते एकाच कॉलेजात घडतं असा माझा दावाही नाही. तिथे बसल्याबसल्या मला प्रश्न पडला तो तुमच्या-माझ्या कामाचा आहे: नर्स 'तयार' झाली की नाही हे संशोधनात मोजतात कसं? आणि ते मोजमाप या वहीच्या पुढे जातं का?

आधी थोडी पार्श्वभूमी

एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. गावात आपण जिला 'नर्सबाई' म्हणतो ती बहुतेक वेळा हीच. साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र (डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००) असा निकष आहे, आणि त्या उपकेंद्राचा भार हिच्यावर असतो. बारावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स: दीड वर्ष शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की ती कायद्याने काम करायला मोकळी.

दोन वर्षं हा काळ मात्र कायम नव्हता. दिलीप मावळणकर आणि क्रांती वोरा यांनी २००८ साली आयआयएम अहमदाबादसाठी एएनएमच्या बदलत्या भूमिकेवर एक वर्किंग पेपर लिहिला. तो जरूर वाचा. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: पन्नास-साठच्या दशकात एएनएमचं मुख्य काम बाळंतपण आणि माता-बालकांची काळजी हे होतं. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला 'बहुउद्देशीय' कार्यकर्ती केलं गेलं. कुटुंबनियोजन, लसीकरण, साथीचे रोग, नोंदी असं सगळं तिच्या अंगावर आलं. काम वाढलं आणि प्रशिक्षण २४ महिन्यांवरून १८ वर आलं. पुढे कोर्स परत दोन वर्षांचा झाला. पण नावात 'मिडवाइफ' असूनही बाळंतपणाचा हात सुटत गेला, तो एवढ्याने परत येत नाही.

सरकारलाही हे दिसत होतंच. म्हणून तर आधीच नोंदणी असलेल्या एएनएम आणि नर्सेसना नोकरीत आल्यावर सुरक्षित प्रसूतीचं वेगळं २१ दिवसांचं 'स्किल्ड बर्थ अटेंडंट' प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. जे लायसन्स मिळण्याआधी यायला हवं होतं, ते नंतर तीन आठवड्यांत शिकवायची वेळ का आली?

आता मुख्य पेपर

भारती शर्मा आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१५ साली 'ग्लोबल हेल्थ अॅक्शन' या जर्नलमध्ये आला. शीर्षकातच प्रश्न आहे: भारतातले शिक्षणक्रम आत्मविश्वास असलेल्या नोंदणीकृत मिडवाइफ तयार करतात का? गुजरातमधल्या २५ संस्था, त्यांतले शेवटच्या वर्षाचे ६३३ विद्यार्थी. डिप्लोमाचे म्हणजे जीएनएमचे आणि बीएस्सीचेही. प्रसूतीपूर्व काळजी, प्रत्यक्ष प्रसूती, प्रसूतीनंतरची काळजी आणि नवजात बाळाची काळजी अशा चार क्षेत्रांतल्या कौशल्यांबद्दल प्रत्येकाला चार पायऱ्यांच्या मापावर स्वतःचा आत्मविश्वास सांगायचा होता.

आधी कौतुक करू, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. आपल्याकडे नर्सिंगचे बरेचसे प्रबंध एकाच साच्यातले असतात. एका कॉलेजातले साठ विद्यार्थी घ्यायचे, चाचणी घ्यायची, त्या विषयावर तासभर शिकवायचं, आठवड्याने तीच चाचणी परत घ्यायची. गुण वाढले, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली, 'प्रशिक्षण परिणामकारक आहे' असा निष्कर्ष लिहिला, झालं. तुलनेला दुसरा गट नाही, प्रश्नपत्रिका ओळखीची, आणि शिकवणारा आणि तपासणारा एकच. तासभर शिकवल्यावर गुण वाढले नसते तर ती बातमी झाली असती! शर्मांचा पेपर या साच्यापासून फार लांब आहे. संस्था यादृच्छिक पद्धतीने निवडल्या आहेत, सरकारी-खाजगी असे प्रकार पाहून स्तर पाडले आहेत, नमुना मोठा आहे. तुम्ही सर्वेक्षणाचं डिझाइन शिकत असाल तर त्यांचा पद्धतीचा भाग समोर ठेवून शिका.

आता माझी तक्रार. ती एका आकड्याबद्दल आहे.

पेपरमध्ये 'जास्त आत्मविश्वास' कुणाला म्हटलंय? ज्याचा स्कोअर ७५ व्या पर्सेंटाइलला किंवा वर आहे त्याला. निकाल असा: सगळ्या उपविभागांत २५ ते ४० टक्के विद्यार्थी ७५ व्या पर्सेंटाइलच्या वर, आणि ३८ ते ५० टक्के ५० व्या पर्सेंटाइलच्या खाली. त्यातून पुढे जाऊन निष्कर्ष: विद्यार्थी पुरेसे आत्मविश्वासाचे नाहीत.

इथे थांबा. तुमच्यातल्या बहुतेकांनी एमएचटी-सीईटी दिली असेल. ७५ पर्सेंटाइल म्हणजे ७५ मार्क नव्हेत, हे घरच्यांना समजावून सांगताना नाकी नऊ आले होते ना? पर्सेंटाइल म्हणजे तुम्ही रांगेत कुठे उभे आहात. पेपर सोपा असो की अवघड, सगळ्यांना येवो की कुणालाच न येवो, रांगेतला वरचा चौथा भाग हा चौथा भागच राहतो. एकशे वीस धावपटूंची शर्यत लावा, सगळे ऑलिंपिकचे असले तरी तीस जण पहिल्या पंचवीस टक्क्यांत येणार आणि साठ जण मागच्या अर्ध्यात.

मग निकालातले आकडे पुन्हा पाहा. वरच्या गटाचा आकडा २५ पासून सुरू होतो. खालच्या गटाचा ५० ला संपतो. हा योगायोग नाही. चार पायऱ्यांच्या मापावर पुष्कळ जणांचे स्कोअर सारखे येतात. सीमारेषेवर घोळका जमला की वरच्या गटात २५ पेक्षा जास्त लोक येतात आणि खालच्या गटात ५० पेक्षा कमी राहतात. मापाची रेघ नमुन्यातूनच काढल्यावर आकडे असेच पडणार. ते गुजरातच्या विद्यार्थ्यांबद्दल फारसं सांगत नाहीत, पर्सेंटाइलच्या व्याख्येबद्दल सांगतात.

याचा अर्थ सगळा पेपर बाद असा नाही, हे नीट लक्षात घ्या. पर्सेंटाइलने गट पाडून 'कोणत्या प्रकारच्या संस्थेतले, कोणत्या कोर्सचे विद्यार्थी वरच्या गटात जास्त' अशी आपापसातली तुलना करता येते. ती पेपरमध्ये ऑड्स रेशोने केली आहे आणि त्यासाठी ही रेघ चालते. अडचण तिथे येते, जिथे सापेक्ष मापावरून निरपेक्ष निष्कर्ष काढला जातो. 'ही तिच्यापेक्षा जास्त तयार आहे' हे एक वाक्य. 'ही बाळंतपण करायला तयार आहे' हे दुसरं. दुसऱ्या वाक्यासाठी रेघ नमुन्याच्या बाहेरून आणावी लागते: कामाला किमान काय यायला हवं ते आधी ठरवायचं, मग मोजायचं.

दुसरी गोष्ट, आत्मविश्वास आणि कौशल्य हे एक नाही. मामेबहिणीला मी विचारलं, "कोर्स संपला तेव्हा डिलिव्हरी करशील असं वाटत होतं का?" ती म्हणाली, "तेव्हा वाटायचं. पहिल्यांदा एकटी होते ना, तेव्हा नाही वाटलं." प्रश्नावली तिला कोर्स संपताना मिळाली असती तर ती वरच्या गटात गेली असती. आणि जिने खूप प्रसूती पाहिल्या, त्यातली एखादी रक्तस्रावाने बिघडलेली पाहिली, ती कदाचित कमी आत्मविश्वास नोंदवेल, कारण काय बिघडू शकतं ते तिला माहीत आहे. म्हणजे हे माप काही वेळा उलटंही चालू शकतं.

पेपरमधलं खरं वाक्य

माझ्या मते या पेपरमधला सगळ्यात भक्कम निकाल वेगळाच आहे, आणि तो शीर्षकात नाही. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी भारतीय परिचर्या परिषदेने ठरवून दिलेल्या संख्येइतक्या प्रसूतींना हजेरीच लावलेली नव्हती. हा आकडा पर्सेंटाइलवर अवलंबून नाही. मानक बाहेरून आलेलं आहे, मोजायची वस्तू ठोस आहे, आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं आहे. मी समीक्षक असतो तर लेखकांना म्हटलं असतं, पेपर इथून सुरू करा.

यावरून एक सवय लावून घ्या. पेपर वाचताना शीर्षक कशाबद्दल आहे ते बघा, आणि मग निकालातला सगळ्यात ठोस आकडा कोणता ते स्वतः शोधा. दोन्ही एकच असतील असं नाही.

पण केसबुक आठवा. 'किती प्रसूतींना हजर होतात?' या प्रश्नाला मामेबहिणीने वहीतला पूर्ण आकडा सांगितला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं. हजर होती की! मागे उभी. 'पाहिली', 'मदत केली' आणि 'स्वतः केली' ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. प्रश्नावलीत ती वेगळी ठेवली नाहीत तर सहा मुलींची एक प्रसूती सहा होते.

केस गेल्या कुठे?

आता कुणी म्हणेल, मुली टाळाटाळ करतात, कॉलेजं पैसे खातात. असेलही काही ठिकाणी. पण नैतिकतेवर यायच्या आधी हिशेब करून बघू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ असा, की गावात, घरी, उपकेंद्रात शिकायला मिळणारं बाळंतपण जवळपास संपलं. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या प्रसूती सिझेरियन आहेत. त्या विद्यार्थिनीच्या हाताने होणं शक्यच नाही. खाजगी दवाखान्यातली बाई शिकाऊ मुलीच्या हाती कुणी देत नाही. उरली सरकारी लेबर रूम. तिथे एएनएम, जीएनएम, बीएस्सी अशा सगळ्यांच्या पोस्टिंग लागतात. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यासाठी आनंदाची गोष्ट, पण एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनाही त्याच प्रसूती शिकायच्या असतात.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. समजा एका लेबर रूममध्ये महिन्याला १५० प्रसूती होतात. ५० सिझेरियन गेल्या, उरल्या १००. त्यातल्या गुंतागुंतीच्या २० अनुभवी सिस्टर आणि डॉक्टरच करणार. उरल्या ८०. त्या महिन्यात सगळ्या कोर्सचे मिळून ८० शिकाऊ पोस्टिंगवर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी एक. वहीत मात्र दहा हव्यात. मग सही कशी होते ते सांगायला नको. इथे मुलगी चोर ठरत नाही, सही करणारी सिस्टरही एकटी दोषी ठरत नाही. जागा मंजूर करताना 'खाटा किती' बघितल्या आणि 'शिकाऊमागे प्रसूती किती' हे बघितलं नाही, तर हेच होणार.

मग मोजायचं कसं?

तुमच्यापैकी कुणी या विषयाकडे वळणार असेल तर तीन सूचना.

पहिली, प्रश्नावलीच्या आधी छेद बघा. लेबर रूमचं रजिस्टर, पोस्टिंगचा तक्ता आणि केसबुक हे तीन कागद शेजारी ठेवले की शिकाऊमागे किती प्रसूती आल्या आणि एकच प्रसूती किती वह्यांत गेली, दोन्ही कळतं. हे साधं काम आहे, पण त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची आणि नीतिशास्त्र समितीची परवानगी लागेल. रजिस्टरमध्ये बायकांची नावं असतात. ती तुमच्या फाइलमध्ये येता कामा नयेत. आणि ज्या मुली खरं सांगतील त्यांची नोंदणी धोक्यात येणार नाही अशी व्यवस्था तुम्ही आधी केली पाहिजे. ती करता येत नसेल तर प्रश्न विचारू नका.

दुसरी, हात बघा. ओएससीई नावाची पद्धत आहे: वेगवेगळे टप्पे मांडायचे, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थिनीने एक काम करून दाखवायचं, परीक्षकाने ठरलेल्या यादीप्रमाणे खुणा करायच्या. अमेरिकेत एएनएमच्या जवळ जाणारं पद लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचं आहे, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये त्यालाच व्होकेशनल नर्स म्हणतात. साधारण वर्षभराचा कोर्स आणि मग एनक्लेक्स-पीएन ही संगणकावरची परीक्षा. बाळंतपण करणं हे त्यांचं काम नाही, त्यामुळे तुलना जपून करा. पण शिक्का मारायच्या शेवटच्या परीक्षेत हात दिसत नाहीत, ही अडचण तिथेही आहे.

तिसरी, पर्याय सुचवताना घाई नको. केस कमी आहेत तर पुतळ्यावर शिकवा, असं लगेच म्हटलं जातं. याला आधार म्हणून अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या परिषदेचा २०१४ चा अभ्यास दाखवतात. दहा कॉलेजं, विद्यार्थ्यांचे तीन गट, रुग्णांजवळच्या तासांऐवजी सिम्युलेशन १० टक्क्यांपर्यंत, २५ टक्के आणि ५० टक्के. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांपर्यंत पाठपुरावा. गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. डिझाइन उत्तम. पण तिथे शिकवणाऱ्यांना सिम्युलेशनचं खास प्रशिक्षण होतं, प्रत्येक सत्रानंतर चर्चा होती, आणि उरलेले निम्मे तास खऱ्या रुग्णांजवळ गेले होते. आपल्याकडचा पुतळा कपाटात कुलपाखाली असेल आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर येत असेल, तर त्या अभ्यासाचा निकाल त्याला लागू होत नाही.

आणि अगदी शेवटपर्यंत, म्हणजे बाळापर्यंत, मोजता येतं का? आपल्याच राज्यात येतं असं दाखवलंय. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा १९९९ चा 'लॅन्सेट'मधला पेपर: ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, ४७ गावं तुलनेला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्यात प्रशिक्षण, औषधं आणि देखरेख सगळं एकत्र होतं. त्यामुळे 'प्रशिक्षणाने' घट झाली असं एकट्या त्याच्या नावावर टाकता येत नाही. तरी मोजलं ते बाळांचं जगणं, शिकणाऱ्यांना काय वाटतं ते नाही.

निघताना मामेबहिणीला म्हणालो, तुझ्या वहीवर ब्लॉग लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण माझ्यामुळं काय बिघडलं असं नको लिहू. पहिल्या बाईला मी लगेच धाराशिवला पाठवलं, गाडी येस्तोवर हात धरून बसले होते." मी लिहून घेतलं. हे कुठल्या मापावर बसतं, सांगा. आपला हात कुठे थांबतो हे कळणं आणि वेळेत पुढे पाठवणं, हेही कौशल्यच आहे. पण त्या रात्री ते तिला वहीतून आलं नव्हतं.

या वेळचा गृहपाठ: तुमच्या विषयातला असा एक पेपर शोधा, ज्यात 'जास्त' आणि 'कमी' यांची रेघ नमुन्याच्या मध्यकावरून किंवा पर्सेंटाइलवरून काढली आहे. मग निष्कर्ष वाचा आणि बघा, तो तुलनेवर थांबतो की 'पुरेसं आहे, नाही' असं म्हणतो. सापडला तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.